हात कुठपर्यंत दिसतो?

क्रूझला जायची कल्पना माझी नाही, माझ्या आईची. वय शहात्तर, मुक्काम नारायण पेठ आणि प्रवासाबद्दल एकच ठाम मत: "घरी काय वाईट आहे?" तर अशी ही बाई एका रविवारी माझ्याकडे वारज्याला आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "मला एकदा मोठ्या बोटीत बसव गं. गोवा-बिवा काही नको. बोट सुटताना वर उभं राहायचंय, बास."

कारण मला ठाऊक होतं. आई नऊ वर्षांची असताना तिचा थोरला भाऊ नोकरीसाठी आफ्रिकेला निघाला. त्याला पोचवायला सगळे मुंबईच्या धक्क्यावर गेले होते. बोट ठिपक्याएवढी होईपर्यंत ही हात हलवत राहिली, खांदा भरून आला तरी. दादामामा वर्षाच्या आत तिकडेच तापानं गेला. "त्याला माझा हात कुठपर्यंत दिसला असेल गं?" हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलेय. आता आईला ते बोटीवरून स्वतः बघायचं होतं.

म्हणून मुंबईहून सुटणारी, दोन रात्री समुद्रात फिरवून परत आणणारी सहल घेतली. तुम्ही जाणार असाल तर एक ऐका, खिडकीवाली खोली घ्या. मी आतली, बिनखिडकीची घेतली. खोलीत काय, झोपायलाच तर जायचं, हा माझा अतिशहाणपणा.

सकाळी सहाला टॅक्सीनं निघालो. आई चारपासून तयार होती. घाटात ट्रकांची रांग लागली, फूड मॉलवर जिभेला चटका देणारा चहा घेतला आणि साडेअकराला बंदरात पोचलो. सामानाची तपासणी अगदी विमानतळासारखी. तिथे आईच्या पिशवीतून डबा निघाला, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा.

"आजी, बाहेरचं खाणं आत चालत नाही," तपासणीवाला म्हणाला.

"अहो, हे बाहेरचं नाहीच. घरचं आहे."

तो हसला, पण डबा काही सोडेना. मग आईनं तिथेच बाकावर बसून निवांतपणे चार पुऱ्या खाल्ल्या, दोन त्याच्या हातावर ठेवल्या आणि रिकामा डबा घेऊन बोटीत शिरली. मागची रांग बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बोट म्हणजे आडवी पडलेली सोसायटीच हो! लिफ्ट, दुकानं, पोहण्याचा तलाव. प्रत्येकाला एक कार्ड मिळतं, त्यानंच खोली उघडते. जेवण झालं, लाइफ जॅकेट घालायची कवायत झाली. त्या केशरी जॅकेटमध्ये आई इतकी गोड दिसत होती! तीन वाजता तिला खोलीत आडवं केलं. बोट पाचला सुटणार होती.

"साडेचारला ये," ती म्हणाली.

"येते न्यायला. एकटी बाहेर पडू नकोस हं, इथले सगळे बोळ सारखेच आहेत. हरवशील."

मी वर गेले. वारा, गाणी, गरम पावभाजी आणि हातात मोबाइल, या ब्लॉगसाठी. साडेचारला घड्याळ पाहिलं. पण शेजारी कोथरूडचे एक काका होते, तिसऱ्यांदा आलेले. ते म्हणाले, "अहो, सहाशिवाय हलत नाही ही." मला ते सोयीचं वाटलं. म्हटलं, आई पहाटेपासून जागी आहे, झोपू दे जरा. दुपारच्या झोपेतून पुणेकराला उठवणं म्हणजे पाप!

ठीक पाचला भोंगा वाजला. लिफ्टपाशी ही गर्दी. धावत जिने उतरता आले असते मला. नाही उतरले. निदान व्हिडिओ तरी होईल म्हणून मोबाइल उंचावला. खाली धक्क्यावर दोर सोडणाऱ्या माणसांपैकी एकानं वर बघून हात हलवला, एवढं आठवतं.

खोलीचं दार उघडलं तर दिवा चालू होता. आई पलंगाच्या कडेवर बसली होती. ठेवणीतली साडी, विंचरलेले केस, मांडीवर पर्स.

"सुटली ना?" तिनं विचारलं. "मला कळलं. ग्लासातलं पाणी हलायला लागलं."

"अगं, मग वर का नाही आलीस?"

"तू म्हणालीस ना, येते न्यायला."

मी तिच्या शेजारी पलंगावर बसले. मग तिनंच विचारलं, "धक्क्यावर कोणी होतं का? हात कुठपर्यंत दिसला?"

मी व्हिडिओ लावला. त्यात माझा चेहरा, माझे दात आणि माझ्या कानामागे कुठेतरी मुंबई. आईनं तो शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाली, "छान आलीयेस तू."

ती रात्र आणि दुसरा अख्खा दिवस ती मजेत होती. जादूचे प्रयोग पाहिले, आइस्क्रीम दोनदा घेतलं. मलाच आतून कुरतडत होतं. तिसऱ्या दिवशी परत येताना पहाटेच तिला वर नेलं. किनारा मोठा मोठा होत होता. ती कठड्याला धरून बघत राहिली. "चांगलंय," म्हणाली, "पण हे येणं झालं गं." पुन्हा जाऊया म्हटलं तर म्हणे, "आता एवढी दगदग नको."

संध्याकाळी तिला नारायण पेठेत सोडलं. ती दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभी राहिली. टॅक्सी निघाली तशी मी मागे वळले, मोबाइल पर्समध्ये टाकून. बघत राहिले, मान दुखेपर्यंत. वळण आलं. मग फोन लावला.

"आई, इस्त्रीवाल्याच्या टपरीपर्यंत दिसलीस."

"माझं राहू दे. हात दिसला का?"

"दिसला. अगदी शेवटपर्यंत दिसला."



"गल्लीचं ठीक आहे गं," ती म्हणाली. "समुद्राचं काय?"