हवा भरायची नोकरी

पेट्रोल पंपावर हवेच्या मशीनशेजारी खिळ्याला एक खाकी शर्ट टांगलेला असायचा. खिशावर संजूचं नाव, पण शर्टाची इस्त्री कधी मोडलेली दिसली नाही.

संजूला कबड्डी मी शिकवली. आमच्या तालुका लीगमध्ये संघमालकाने खेळाडूंवर किती खर्च करायचा, याला मर्यादा आहे. पंपाच्या शेठचाही संघ आहे; त्यांनी ती पाळली. संजूला आमच्या संघातून नियमाच्या मानधनात फोडला आणि वर हवा भरायची नोकरी दिली, मॅनेजरपेक्षा मोठ्या पगाराची. मी जाब विचारला, तर म्हणाले, "सर, कागद बघा ना." कागदाला लाज नसते. शर्टाला असते. घामाचा डाग नसला की तो चुगली करतो.

अंतिम सामन्यात संजू आमच्यावर चढाईला आला, तेव्हा मी ओरडलो, "संज्या, आधी हवा भर रे!" मैदान हसलं. त्यालाही हसू फुटलं, दम तुटला आणि तो बाद झाला. त्या एका गुणाने आम्ही जिंकलो.

आज सकाळी खिळा रिकामा होता. शेठने त्याला खरोखरच कामाला लावलं होतं. मान खाली घालून तो माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकात हवा भरत होता.

"पुढच्यातही भर," मी म्हटलं.