मंजुनाथांचा ठिपका

शुभंकरने ती जड पेटी काकांच्या इंदिरानगरच्या घरी आणून ठेवली ती "थोडेच दिवस" म्हणून. तो राहायचा सर्जापूर रोडला, अकराव्या मजल्यावर. घरून काम करायच्या काळात त्याने हौसेने एक स्क्रोल सॉ मागवला होता. दोन कीचेन कापून झाल्या, तिसरीला पातं तुटलं आणि हौस तिथेच थांबली. आता घरात बाळ येणार होतं आणि त्याच्या बायकोला, आर्याला, ती खोली मोकळी हवी होती.

"काकू, गच्चीवरच्या खोलीत टाकून देतो. तुम्हाला काही त्रास नाही," तो म्हणाला.

"त्यात आहे तरी काय?" हेमलताबाईंनी विचारलं.

"लाकूड कापायची बारीक करवत. शिवणाच्या मशीनची सुई कशी वरखाली होते, तसं हिचं पातं होतं. आपण फक्त लाकूड फिरवायचं."

एवढं सांगून शुभंकर चहा पिऊन गेला. तिसऱ्या दिवशी हेमलताबाईंनी पेटी उघडली.

हेमलता आठल्ये मूळच्या मिरजेच्या. लग्न होऊन १९८६ साली बेंगळुरूला आल्या आणि त्याच वर्षी एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागल्या. इंजिनियरने पेन्सिलीत काढलेलं चित्र ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचं, हे काम. रेघ पाव मिलिमीटरची असेल तर पावच पडली पाहिजे. चुकलं तर दाढीच्या अर्ध्या ब्लेडने शाई खरवडायची, कागदाला भोक न पाडता. त्यांचा हात असा होता की त्यांची खरवडलेली जागा दिव्यासमोर धरली तरी सापडत नसे. पुढे कॉम्प्युटर आले. सगळ्या ट्रेसर बायकांना इकडेतिकडे पांगवलं, आणि हेमलताबाईंच्या वाट्याला आली रेकॉर्ड रूम. तिथे त्यांनी चोवीस वर्षं फायली लावल्या. तक्रार कधी केली नाही. पण निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात "रेकॉर्ड सेक्शनच्या आठल्ये मॅडम" म्हटलं, तेव्हा त्यांना वाटलं होतं की हे कुणा दुसऱ्याच बाईबद्दल चाललंय.

पेटीतलं मशीन टेबलावर चढवायला नवऱ्याची, पद्माकररावांची, मदत लागली. ते एका संशोधन संस्थेतून निवृत्त झाले होते आणि त्यांची सगळी नोकरी यंत्रांची कंपनं मोजण्यात गेली होती. बटण दाबल्याबरोबर टेबल थरथरलं तसा त्यांचा चेहरा खुलला. दुपारभर खटपट करून त्यांनी मशीनच्या चारी पायांखाली जुन्या टायरचे तुकडे बसवले, वर पाण्याने भरलेली वाटी ठेवली आणि पाणी हलेना तेव्हाच खाली आले.

"आता तू काप, नाहीतर नको कापू," ते म्हणाले. "माझं काम झालं."

पहिल्या आठवड्यात सात पाती तुटली. लाकूड ढकललं की पातं वाकतं, वाकलं की टक्‌कन तुटतं. हेमलताबाईंच्या लक्षात आलं की ढकलायचंच नाही. पात्याला त्याच्या वेगाने खाऊ द्यायचं आणि आपण बोटांच्या टोकांनी फळी वळवत राहायचं. मग एके दिवशी चार मिलिमीटरच्या प्लायवर चिकटवलेल्या पोपटाच्या चित्राची शेपटी रेघेवरून तसूभरही न सरकता कापली गेली, आणि त्या मशीन बंद करून तशाच बसून राहिल्या. पंचवीस वर्षांनी हात परत कामावर आला होता.

त्यानंतर गच्चीवरची ती खोली त्यांचीच झाली. सकाळी दहा ते साडेबारा मशीन चालायचं. शेजाऱ्यांना त्रास होईल अशी त्यांना काळजी होती, पण एव्हाना गल्लीच्या तोंडाशी दोन रेस्टॉरंटं आणि एक बिअर पिण्याचं ठिकाण झालं होतं. त्यांच्या ढणढणाटापुढे या करवतीची कुरकुर कोण ऐकणार? पोपट झाले, हरणं झाली, गरम भांडी ठेवायच्या जाळीदार चकत्या झाल्या. मग महाराष्ट्र मंडळातल्या कुणीतरी दारावरची पाटी मागितली आणि पाट्यांचा सिलसिला सुरू झाला. मराठी पाट्या, इंग्रजी पाट्या. अक्षर सुटं कापायचं, काचपेपरने घासायचं आणि सागाच्या फळीवर चिकटवायचं. पैसे त्या घेत नसत. लाकूड आणा, म्हणत.

शेजारी मंजुनाथ राहायचे. सरकारी बसडेपोत तीस वर्षं टाइमकीपर होते. डेपोच्या गोंगाटात ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा तयार झाला होता की ते कानात काही सांगायला वाकले तरी समोरच्या घरात कळायचं. त्यांची बायको पद्मावती मात्र अगदी मऊ बोलायची. दोन्ही घरांचं येणंजाणं जुनं. हेमलताबाई त्यांना अण्णा आणि अक्का म्हणत, ते यांना हेमक्का म्हणत, आणि बोलणं सगळं कानडीतून चाले. हेमलताबाईंची कानडी झकास होती. भाजीवाल्याशी भांडण्यापासून वरमाईची विचारपूस करण्यापर्यंत कुठे अडत नसे. फक्त वाचता येत नव्हतं. कारखान्यात सगळं इंग्रजीत, घरात मराठी. बसच्या पाटीवरचा आकडा कळला की झालं. अशी सदतीस वर्षं गेली होती.

घराला रंग दिल्यावर मंजुनाथ एक कागद घेऊन आले. त्यावर बॉलपेनने मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं होतं.

"हेमक्का, फाटकावर पाटी हवी. कानडीत. जमेल?"

"न जमायला काय झालं? तुम्ही लिहिलंय तसंच कापीन."

आणि खरंच, कानडी अक्षरं कापताना त्यांना फार सुख झालं. इंग्रजीचे कोपरे पात्याला छळतात, प्रत्येक कोपऱ्यावर थांबून फळी गर्रकन फिरवावी लागते. ही अक्षरं सगळी गोल, वळणदार. पातं एकदा शिरलं की न थांबता हिंडून बाहेर यायचं. शेवटच्या अक्षराच्या पोटात मात्र एक ठिपका होता. पोटातली जागा कापायला त्यांनी बारीक भोक पाडलं, पातं सोडवून त्यातून ओवलं, पुन्हा ताणून बसवलं आणि आतला गोल कापला, तसा तो ठिपका सुटून भुशात पडला. तो कशालाच जोडलेला नव्हता.

त्यांनी कागद पुन्हा पाहिला. कागदावर आणखीही दोन ठिकाणी पेनाचे डाग होते.

"अहो, हा ठिपका अक्षराचा आहे की उगाच पडलाय?"

पद्माकररावांनी चष्मा वर करून पाहिलं. "पेन टेकलं असेल. विचार ना त्यांना."

मंजुनाथ आणि पद्मावती दोघंही दोन दिवस तुमकूरला गेले होते. हेमलताबाईंना पाटी ते यायच्या आत पुरी करायची होती. ड्रॉइंग ऑफिसात त्यांना पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की समोर जे आहे ते उतरवायचं, आपली अक्कल घालायची नाही. तो नियम त्यांनी आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. ठिपका सोडून दिला.

पाटी देखणी झाली. मंजुनाथांनी ती हातात घेतली, क्षणभर पाहिली आणि म्हणाले, "छान. फार छान." त्याच संध्याकाळी त्यांनी ती फाटकावर लावली. पद्मावतीने वाटीभर गूळपोहे पाठवले.

अकरा दिवसांनी सकाळी हेमलताबाई गच्चीवर फळ्या उन्हात ठेवत होत्या. खाली मंजुनाथांचे डेपोतले जुने दोस्त बसवंत फाटकाशी आले होते. त्यांनी पाटी मोठ्याने वाचली आणि हसायला लागले.

"मंजुनाद? काय रे, गायला कधीपासून लागलास?"

"हळू बोल," मंजुनाथ म्हणाले. त्यांनी स्वतः आवाज खाली आणायचा प्रयत्न केला, पण तो गच्चीपर्यंत स्वच्छ आला. "शेजारच्या हेमक्कांनी केलीय. थ मधला ठिपका राहिलाय. त्यांना वाचता येत नाही."

"मग सांगायचं ना."

"कशाला? किती मनापासून केलीय बघ. परवागिल्ला, चालतंय."

हेमलताबाई फळी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नाही. आजवर त्यांच्याबद्दल असं कुणी म्हटलं नव्हतं. घरात दोन कपाटं भरून पुस्तकं होती. पण मंजुनाथ खोटं बोलले नव्हते आणि टोचूनही बोलले नव्हते. पहिल्या दिवशीच चूक दिसूनही या माणसाने स्वतःचं चुकलेलं नाव अकरा दिवस रस्त्यावर मिरवलं होतं. त्यांना आधी लाज वाटली, मग भरून आलं, आणि मग त्या खोलीत जाऊन त्याच प्लायच्या उरलेल्या तुकड्यातून एक ठिपका कापायला बसल्या. हरभऱ्याच्या डाळीएवढा. बोटात धरता येईना, म्हणून तुकडा चिकटपट्टीने मोठ्या फळीवर डकवून कापावा लागला.

बसवंत गेल्यावर त्या ठिपका आणि फेविकॉल घेऊन शेजारी गेल्या.

"अण्णा, पाटी स्वल्प खाली काढा. तुमचा ठिपका राहिलाय माझ्याकडे."

मंजुनाथ गोंधळले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. आत्ता, फाटकाशी."

पद्मावती तोंडाला पदर लावून हसू लागली. "राहू द्या हो हेमक्का. मंजुनाद म्हणजे गोड आवाज. या आवाजाला गोड म्हणणारं इतक्या वर्षांत कुणीतरी भेटलं. मी तर ती पाटी रोज बघते आणि मग यांच्याशी भांडायला जाते."

मंजुनाथही हसले. ठिपका त्यांनी स्वतःच बसवला आणि गोंद धरेपर्यंत अंगठ्याने दाबून ठेवला. तेव्हा हेमलताबाई पद्मावतीला म्हणाल्या, "अक्का, मला वाचायला शिकवाल?"

"सरी," पद्मावती म्हणाली. "उद्यापासून या."

शिकणं त्यांनी आपल्या पद्धतीने केलं. पद्मावतीने दुपारी एक अक्षर काढून द्यायचं, त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी ते कापायचं. एकदा पात्याने फिरून आलेलं वळण त्या विसरत नसत. द, ध आणि थ मधला फरक तर त्यांना आता जन्मात विसरणं शक्य नव्हतं. ळ भेटला त्या दिवशी त्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. दोन महिन्यांत टेबलावर सगळी अक्षरं रांगेत उभी राहिली, पण जोडाक्षरांनी दम काढला. अक्षराच्या पायाशी दुसरं अक्षर लोंबतं, ते आधी वाचायचं की नंतर यावरून रोज वाद. पद्मावती चिडत नसे. ती नुसती बोट ठेवून थांबायची, पुन्हा वाचायला लावायची.

त्यानंतर रस्त्यावरून चालणं अवघड झालं. पद्माकररावांना दूध घेऊन लवकर परतायचं असे, आणि ह्या प्रत्येक दुकानासमोर उभ्या.

"अगं चल. ते चक्कीचं दुकान आहे, आपण तिथूनच पीठ आणतो."

"माहितेय हो. पण नाव 'अन्नपूर्णा' आहे हे माहीत होतं का तुम्हाला?"

त्यांना माहीत नव्हतं.

बसस्टॉपच्या मागच्या गल्लीत एक हिरव्या पाटीची बैठी इमारत होती. दार उघडं, आत लाकडी टेबलं, आणि पाचसात माणसं सावकाश वर्तमानपत्रं वाचत बसलेली. ही एखादी सरकारी कचेरी असावी अशी हेमलताबाईंची सदतीस वर्षांची समजूत होती. एका बुधवारी त्यांनी ती पाटी एकेक अक्षर लावून वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. सार्वजनिक ग्रंथालय.

त्या आत गेल्या. खिडकीपाशी बसलेल्या ग्रंथपालबाईंनी रजिस्टर पुढे केलं आणि कोणत्या प्रकारची पुस्तकं हवीत म्हणून विचारलं.

"मोठ्या अक्षरांची," हेमलताबाई म्हणाल्या. "आणि गोष्ट लहान असलेली."

"नातवंडासाठी?"

"नाही, माझ्यासाठी."

बाईंनी मान हलवली आणि मुलांच्या कपाटातून एक पातळ पुस्तक काढून दिलं. हेमलताबाईंनी फॉर्म भरला. नाव त्यांनी कानडीत लिहिलं. 'आठल्ये' मधला ठ ठिपक्यासकट आणि ल्ये पाय लोंबवून. वेळ लागला, पण मागे कुणी उभं नव्हतं.

त्या दुपारी पद्माकरराव झोपून उठले तेव्हा त्या जेवणाच्या टेबलाशी पुस्तकावर बोट ठेवून बसल्या होत्या. चहा अजून टाकलेला नव्हता. त्यांनी स्वतःच आधण ठेवलं आणि स्वयंपाकघरातून विचारलं, "काय आहे गोष्टीत?"

"अजून पहिल्याच पानावर आहे," त्या मान वर न करता म्हणाल्या. "एक कोल्हा आहे. तो सकाळी उठून कुठेतरी निघालाय."

"कुठे?"

"थांबा जरा. जोडाक्षर आलंय."