पदरात बांधलेला मान्ना

देवावर रुसायचं कसं हे मला कुणी शिकवलं नाही, तरी ते मला फार चांगलं जमतं. गेल्या उन्हाळ्यात नंदुरबारच्या एका दवाखान्यात, लहान मुलांच्या वॉर्डात, लेकीच्या खाटेजवळच्या लोखंडी स्टुलावर बसून मी देवबापाशी चक्क अबोला धरला होता. इतकं मागूनही तुला ऐकू येत नसेल तर आता मीही बोलत नाही, असा माझा बाणा. शाळेत पोरांना गप्प बसवणारी, दर रविवारी शहाद्याच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत संडेस्कूल घेणारी बाई मी. पण त्या स्टुलावर माझी अक्कल पहिलीतल्या पोरीएवढीच उरली होती.

माझी लेक एस्तेर पाचवीत आहे. तिला सिकलसेल आहे. आमच्या आदिवासी पट्ट्यात हे दुखणं घरोघरी माहीत आहे, पण घराबाहेर त्याचं नाव कुणी काढत नाही. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, हाडं ठणकतात, आणि कधी कधी रक्त इतकं खाली जातं की मूल पांढरंफटक पडतं. त्या वेळी तसंच झालं होतं. डॉक्टर म्हणाले, रक्त चढवावं लागेल, आणि ते लवकर चढवायला हवं. तिचा गट सहज न मिळणारा. त्यात सुट्ट्या आणि लगीनसराई, त्यामुळे रक्तपेढीत त्या गटाची पिशवी शिल्लक नव्हती. आई-बापाचं रक्त द्यावं म्हटलं तर आम्ही दोघंही या रोगाचे वाहक. आमचं रक्त तिला चालणार नव्हतं, आणि नातलगांतही बरेचसे आमच्यासारखेच. जन्म दिला तेव्हा हेच रक्त चाललं, आणि आता वाचवायला चालत नाही, हे मला आतल्या आत फार लागलं. तिचे पप्पा धुळ्याला पिशवी शोधायला गेले. सिस्टर मला म्हणाली, "बाई, ओळखीपाळखीत विचारून ठेवा." मी मान डोलावली, आणि कुणालाही विचारलं नाही.

का विचारलं नाही, याचं सरळ उत्तर देणं अवघड आहे. एक तर पोरीची जात. उद्या तिच्या लग्नाचं बघताना हे दुखणं आडवं येईल, म्हणून शेजारपाजारी, शाळेत, अगदी मंडळीतही आम्ही 'तिला अधूनमधून ताप येतो' एवढंच सांगत आलो. दुसरं म्हणजे माझा स्वभाव. कुणापुढे हात पसरायचा नाही, हे बाळकडू मला वडिलांकडून मिळालं. आणि तिसरं, मी याला विश्वासाचं नाव दिलं होतं. मागायचं ते फक्त प्रभूजवळ, माणसांजवळ नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणायची. गर्वाला भक्तीचं लुगडं नेसवलं की तो किती सोज्वळ दिसतो!

एस्तेरच्या पिशवीत तिने घरून आमचा खेळ आणला होता. सुट्टीतल्या बायबलवर्गासाठी तो मी आणि तिच्या पप्पांनी मिळून केलेला. प्लायवुडच्या तुकड्यावर मिसर देशापासून यार्देन नदीपर्यंतची वाट रंगवलेली, मधे मुक्कामांची गोल गोल घरं. इस्राएल लोक गुलामीतून सुटून वाळवंटातून चालले तेव्हा रोज सकाळी देव त्यांच्या तंबूंभोवती मान्ना, म्हणजे खायचे पांढरे दाणे, पाडायचा, ही त्यातली गोष्ट. आमचा मान्ना म्हणजे वाटीतले पांढरे वाल आणि प्रवासी म्हणजे चिंचोके. आपली पाळी आली की चार कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितके वाल घ्यायचे, आणि संध्याकाळ व्हायच्या, म्हणजे फेरी संपायच्या आत प्रत्येकाने एक वाल खायचा, म्हणजे बाजूला ठेवायचा. सगळ्यांनी खाल्ला की काफिला एक मुक्काम पुढे, आणि उरलेले वाल परत वाटीत. उद्यासाठी कुणी लपवून ठेवले तर ते किडले असं धरायचं, आणि सगळा काफिला एक मुक्काम मागे. यात एकटा कुणी जिंकत नाही. सगळे नदी ओलांडतात, नाहीतर सगळेच वाळवंटात राहतात.

एक नियम मात्र माझ्या डोक्यातला. वर्गात मोठी मुलं अतिशहाणपणा करून लहानांचे चिंचोके स्वतःच हलवायची, त्यांना न विचारता वाल द्यायची, आणि लहानगी नुसती बघत बसायची. म्हणून मी ठरवलं की मागितल्याशिवाय कुणी कुणाला मदत करायची नाही. ज्याला वाल मिळाला नाही त्याने तोंडाने म्हणायचं, "माझ्याकडे कमी आहे." तो म्हणाला की मगच दुसऱ्याने द्यायचं. या नियमाचं आमच्या मंडळीच्या पाळकांनी तोंड भरून कौतुक केलं होतं, आणि मी ते गोड मानून घेतलं होतं.

वॉर्डात तो खेळ उघडायला मी आधी धजत नव्हते. बायबलची गोष्ट दिसली की कुणी काय अर्थ काढील, याचा आजकाल भरवसा नाही. शेजारच्या खाटेवर ब्राह्मणपुरीच्या एक पाटील आजी होत्या. नातवाच्या छातीत कफ भरला म्हणून त्याला घेऊन आलेल्या. समोर शहाद्याचेच एक पिंजारी चाचा, गाद्या-रजया भरणारे. त्यांचा मुलगा उलट्या-जुलाबांनी पार गळून गेला होता. चाचा फार बोलत नसत. पण आम्ही आलो त्याच दिवशी त्यांनी एस्तेरची गुठळ्या झालेली उशी मागून घेतली, शिवण उसवून बोटांनी कापूस मोकळा केला आणि पुन्हा टाके घालून आणून दिली. एस्तेर म्हणाली, "आई, घरच्यासारखी झाली."

दुपारी नातू झोपला की आजींना चैन पडेना. एस्तेरने प्लायवुड मांडीवर घेतलेलं त्यांनी पाहिलं आणि त्या स्टूल ओढून आल्याच.

"हाई काय शे वो माय? सोंगट्या शेतस का?"

एस्तेरने त्यांना सगळं समजावलं. मोशे, फारो, समुद्र दुभंगला, वाळवंट, मान्ना. आजींनी गोष्ट अगदी मन लावून ऐकली आणि शेवटी एवढंच विचारलं, "मंग तो देव त्यासले रोज खावाले दे? भारी शे." माझी धास्ती तिथेच गळाली. आम्ही तिघी खेळू लागलो. चाचा समोरून मुलाला पाणी पाजता पाजता बघत असायचे.

पण आजींमुळे काफिला काही पुढे सरकेना. दोन मुक्काम गेलो की वाटीतले वाल कमी भरायचे. एस्तेर बारीक नजरेची. तिने एकदा आजींच्या पदराची गाठ पकडली. आत मान्ना!

"आजी, हा किडला! चला, सगळे मागे."

आजी अजिबात ओशाळल्या नाहीत. "अन सकायले काय खावानं मंग? आम्ही वरीसभरना दाना भरी ठेवतस. मन्ही सासूनी शिकाडेल शे. रोज देवना भरोसावर ऱ्हायनं तं घर चालनं का?" एस्तेर खळखळून हसली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती, आणि मला ते हसू बघून रडू येत होतं. आजींना किती समजावलं तरी त्यांचा हात पदराकडे जायचाच. आम्ही वाळवंटात तिथल्या तिथेच फिरत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी खेळ चालू असताना एस्तेरच्या पप्पांचा फोन आला. मी उठून व्हरांड्यात गेले. धुळ्यालाही पिशवी नव्हती. उद्या कुठून तरी येईल असं सांगत होते, पण नक्की नव्हतं. सकाळीच डॉक्टर म्हणाले होते, उद्यावर टाकायला नको. मी फोन ठेवला, तोंडावर पाणी मारलं आणि हसरा चेहरा करून परत स्टुलावर येऊन बसले. एस्तेरचे ओठ कागदासारखे झाले होते. उशीवर डोकं टेकूनच ती म्हणाली, "आई, तुझी पाळी."

मी कवड्या टाकल्या. चारही पालथ्या पडल्या. माझ्याकडे एकही वाल नव्हता. एस्तेरजवळ दोन होते, आजींजवळ दिसणारे दोन आणि न दिसणारे किती ते देव जाणे. मी नुसती त्या कवड्यांकडे बघत बसले. खेळाचं भान मला नव्हतंच. मला एकच कळत होतं, की ही पोर माझ्या डोळ्यांदेखत विझत चालली आहे.

"आई, माग ना," एस्तेर म्हणाली. मी उगाच कवड्या गोळा करू लागले. मग ती आजींकडे वळून अगदी हळू म्हणाली, "आजी, ती कधीच मागत नाही. तिने मागितलं नाही तर आपण सगळे इथेच राहणार."

आजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. बाईमाणसाला बाईमाणसाचं तोंड वाचता येतं. "काय कमी शे वो बाई तुले?" त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न खेळातला नव्हता.

मी स्वतः केलेला नियम मला तेव्हा पहिल्यांदा पाळावा लागला. मी म्हणाले, "माझ्याकडे कमी आहे. रक्त. पोरीला रक्त हवंय, आजी. कुठेच मिळत नाही. तिला सिकलसेल आहे." शेवटचा शब्द भर वॉर्डात उच्चारला गेला आणि छत काही कोसळलं नाही.

आजी भडकल्याच. "पोरले रगत पाहिजे अन तू तोंड शिवी बठेल शे? आमले सांगं काबर नही?" बोलता बोलता त्यांनी पदराची गाठ सोडली आणि लपवलेले सगळे वाल माझ्या पुढ्यात ओतले, बहुधा त्या क्षणी त्यांना देण्यासारखं हाताशी तेवढंच सापडलं. मग कमरेचा मोबाइल काढून मुलाला फोन लावायला माझ्या हातात दिला. "मन्हा आंडोरले फोन लाव. गावना पोरे लई येवाले सांगस."

मी नंबर शोधत होते, तेवढ्यात समोरचे चाचा उठून आले. त्यांनी सदऱ्याची बाही आधीच वर सारली होती. त्यांनी एस्तेरचा गट विचारला, मी सांगितला.

"बेटी, मेरा यही है. पहले भी दिया हूँ, इसलिए मालूम है. इत्ते दिन से सामने बैठा हूँ. बोली क्यों नहीं?"

मी त्यांचे हात धरून ओक्साबोक्शी रडले. ज्याच्यासाठी मी आभाळाकडे बघत होते, ज्याच्यासाठी एस्तेरचे पप्पा धुळ्याच्या उन्हात वणवण करत होते, ते समोरच्या खाटेशी बसून तिची उशी सारखी करत होतं. मी वर्गात मुलांना कितीदा सांगितलं आहे की मान्ना तंबूच्या दारातच पडायचा, फक्त वाकून वेचावा लागायचा. वाकायचं तेवढं माझं राहून गेलं होतं.

पेढीत तपासण्या झाल्या, रक्त जुळलं, आणि उन्हं कलायच्या सुमारास एस्तेरच्या हाताला पिशवी लागली. आजींचा मुलगा गावातली पोरं भरून पिकअप घेऊन आला. त्यांच्यात तिच्या गटाचा कुणी निघाला नाही. तरी आलेत तर देऊनच जा, असं आजींनी बजावलं, आणि कुणा अनोळखी लेकरांसाठी ते रक्त पेढीत जमा झालं. ते काही मी मागितलं नव्हतं. तिचे पप्पा धापा टाकत परतले तेव्हा लेकीच्या ओठांवर जरा लाली आली होती. दुसऱ्या दिवशी आजींनी हट्ट धरला की खेळ अर्धवट सोडायचा नाही. या वेळी चाचाही बसले, कोपराच्या घडीत सुईच्या जागी अजून पट्टी चिकटलेली. आजींच्या पदराला गाठ नव्हती. आम्ही चौघांनी मिळून यार्देन ओलांडली आणि एस्तेरने टाळ्या पिटल्या तशी सिस्टर रागे भरली.

घरी आल्यावर मी वाटीतले वाल पाहिले तर पुन्हा कमी. आजींची खोड! मी हसले आणि विसरून गेले. थंडीच्या दिवसांत एका रविवारी आजींचा मुलगा सारंगखेड्याच्या जत्रेला जाताना वाट वाकडी करून आमच्या दारी आला. हातात वालाच्या हिरव्यागार शेंगांची पिशवी आणि आजींचा निरोप: "मायनी सांगं शे, तुम्हना मान्ना किडना नही. बांधवर लाया व्हता." माझ्या वाटीतले वाल आजींनी शेताच्या बांधावर लावले होते.

त्यातल्या थोड्या शेंगा चाचांच्या घरी पोचवल्या, थोड्या मंडळीत वाटल्या. वाटताना मी उभी राहून सगळ्यांसमोर लेकीच्या दुखण्याचं नाव घेतलं. सभा संपल्यावर एक बाई माझ्याजवळ आली, इकडेतिकडे बघितलं, आणि म्हणाली की तिच्या मुलालाही तेच आहे. आम्ही दोघी मागच्या बाकावर बसून एकमेकींच्या लेकरांचं बोलत राहिलो.

एस्तेरचं दुखणं गेलेलं नाही. ते तिच्यासोबतच राहील, पुन्हा कधीतरी हाडं ठणकतील, पुन्हा पिशवी लागेल. पूर्वी मी पुढच्या सगळ्या वर्षांची काळजी एकदमच भरून ठेवायची, आजींच्या घरच्या दाण्यासारखी. अजूनही सवय सुटत नाही. परवाच सकाळी तिची वेणी घालताना माझा हात मधेच थांबला, नजर कुठेतरी हरवली. तिने मान न वळवताच ओळखलं. "आई, उद्याचं लपवलंस ना? किडेल ते."

मी वेणी पुरी केली, रिबीन बांधली, आणि देवबापाला म्हटलं, माझ्याकडे कमी आहे. मग दार उघडून शेजारणीलाही तेच सांगायला गेले.