सारख्या बरण्या

आमच्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून कुठलीही फाईल मी दोन मिनिटांत काढून देतो. गाववार कप्पे, कप्प्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर माझं अक्षर. नवे साहेब आले की त्यांना ती खोली मुद्दाम दाखवतात. हा अभिमान मी घरी नेला, आणि तिथे जे झालं ते आजवर कुणाला सांगितलं नाही.

घर आचऱ्याला. बाबा गेल्यावर आई, बायको आणि मी. स्वयंपाकघर आईचं. तिच्या फळीवर एक डबा दुसऱ्यासारखा नव्हता. साखर पोचे पडलेल्या बिस्किटांच्या डब्यात, मीठ कान तुटलेल्या चिनी मातीच्या बरणीत, मसाला पितळी डब्यात, कोकमाची सोलं मडक्यात. मला तो पसारा डोळ्यांत खुपायचा.

एका मे महिन्यात चार दिवस रजा टाकली आणि कामाला लागलो. एकसारख्या चोवीस प्लास्टिकच्या बरण्या आणल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, प्रत्येकीत चमचा. कुणी आत हात घालायचा नाही. मिठाचे खडेही काढून टाकले, बारीक मीठ आणलं.

आई उंबऱ्यावर बसून होती. ती एवढंच म्हणाली, "झिला, त्या डब्यांका हात लावू नको रे. माझ्या हाताक सगळा गावता."

"हाताक कशाला? वाच ना वरचं," मी हसून म्हणालो.

दुपारी भंगारवाला आला आणि डबे घेऊन गेला.

त्यानंतर आई प्रत्येक बरणी उघडून हुंगायची, चिमूट जिभेवर ठेवायची. मला वाटायचं, म्हातारीचा हट्ट. नवं चालत नाही हिला.

भाद्रपदात बाबांचा म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, आला. बाबांना तांदळाची खीर आवडायची, ती आईच करायची. म्हाळाचा स्वयंपाक पितरांना पान दाखवल्याशिवाय कुणी चाखत नाही. हुंगून साखर आणि मीठ कळत नाही, आणि त्या दिवशी तिला जीभ लावायची मुभा नव्हती. चमच्याने काढायचं, म्हणजे बोटांनाही काही कळणार नव्हतं. डब्याचा आकार आणि बोटांची पारख, ही दोन्ही दारं मीच बंद केली होती.

पंगत बसली. आत्याने पहिला घास घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"वैनी, खिरीक समुद्र घातलंस काय गो?"

पंगत हसली. आई वाढता वाढता थांबली. मला कचेरीतली दोन माणसं जेवायला आलेली दिसत होती. मी म्हणालो, "एवढ्या मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. तुला वाचायचंच नसेल तर यापुढे चुलीकडे जाऊ नकोस."

"इसारलंय रे मी," ती म्हणाली.

ती खरंच गेली नाही. दुसऱ्या दिवसापासून ओटीवर बसू लागली. बायकोने दोनदा हाक मारली. "तूच कर गो, बरा करतंस," म्हणाली. मला घर सुटसुटीत झाल्यासारखं वाटलं. हेही लिहायलाच हवं.

पुढच्या वर्षी अंगणातल्या पायरीवरून ती पडली, तेव्हा डॉक्टरांनी डोळे तपासायला लावले. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नव्हती. कधीपासून दिसत नाही, असं डॉक्टरांनी विचारलं. मी शेजारीच उभा होतो.

"झाली तीन-चार वर्षां," आई म्हणाली.

म्हणजे बरण्यांच्या आधीपासून. घरी येताना रिक्षात विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "बाबांच्या दुखण्यात तुझी सगळी रजा संपली. तू बोललेलंस ना मागच्या दारी. माका आयकाक येता."

मी बोललो होतो. बायकोला म्हणालो होतो की या आजारपणाने माझं कामाचं सगळं गणित बिघडवलं. आई पलीकडे भांडी घासत होती.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे गेलो. डबे केव्हाच गेले होते. आठवडा बाजारातून वेगवेगळ्या आकाराचे नवे आणले, फळीवर मांडले, आईचा हात धरून एकेकावर ठेवला. तिने ते चाचपले.

"बरे आसत," म्हणाली आणि हात काढून घेतला. "पण आता माका काय करूचा नाय रे."

मी माफी मागितली नाही. तोंडाशी आली होती.

आई गेल्यावर यंदाच्या म्हाळाला बाबांच्या पानाशेजारी तिचंही पान मांडलं. खीर बायकोने केली होती. आत्याने वाटी उचलली आणि म्हणाली, "आज बरी झाली हां. वैनीन त्या वर्साक समुद्र घातलेलो, याद आसा मां?"

सगळे हसले. सांगायची वेळ तीच होती. आत्या माझ्याकडे बघत होती, आणि मीही हसलो.