नियमाबाहेरचं नाक

मावशी आमच्या प्रयोगशाळेत आल्या त्या बाटल्या धुवायला. नाले, विहिरी, कारखान्यांचे सांडपाण्याचे पाइप, जिथून जिथून पाण्याचे नमुने यायचे त्या बाटल्या तपासणी झाली की मोरीशेजारच्या टेबलावर रांगेने उभ्या राहायच्या. मावशींनी त्या रिकाम्या करायच्या, ब्रश घालून घासायच्या आणि आम्लाच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या. दिवसाला साठ-सत्तर. कोपरापर्यंत हातमोजे, तोंडाला घट्ट फडकं, आणि फडक्याच्या वर दोन सदा चिडलेले डोळे. मी तिथे हवा तपासायची यंत्रं सांभाळायचो. पहिले दोन महिने आमचं बोलणं म्हणजे "मावशी, बाटल्या झाल्या का?" आणि "होतायत."

एके दिवशी त्या एक बाटली दोन बोटांत लांब धरून माझ्यापुढे आल्या, मेलेला उंदीर शेपटीला धरून आणावा तशी.

"ही सरसाच्या कारखान्यामागची ना?"

बाटलीवर फक्त आकडा होता. मी वही काढून पाहिली. बरोबर होतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? बावीस वर्षं हा वास उशाशी घेऊन झोपतेय मी."

मला वाटलं, अंदाजाने मारलेला बाण लागला. म्हणून आठ बाटल्या आकडे झाकून पुढे ठेवल्या. सहांची ठिकाणं त्यांनी धडाधड सांगितली. उरलेल्या दोन हुंगून म्हणाल्या, "ह्या कुठल्या ते माहीत नाही. पण दोन्ही एकाच डबक्यातल्या आहेत." वही पाहिली तर तेही खरं.

सरसाच्या त्या कारखान्यात हाडं आणि कातड्याचे तुकडे मोठाल्या टाक्यांत उकळून चिकटवायचा सरस काढतात. मावशींचं घर त्याच्या भिंतीपासून दोन गल्ल्यांवर. दोन खोल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात दीर आणि जाऊ. दीर त्याच कारखान्यात टाक्यांवर कामाला. "आधी वास घरात येतो, मग माझा दीर," असं मावशी म्हणायच्या आणि त्यात विनोद नसायचा. त्याचे कपडे त्या वेगळ्या बादलीत भिजवायच्या. तो शेजारी जेवायला बसला की त्यांचा घास तोंडात फिरायचा. जाऊ म्हणायची, "वहिनींना नाकाने कांदे सोलायची सवयच आहे." आणि गल्लीतले लोक म्हणायचे, "सवय होते हो मावशी." या एका वाक्याची मावशींना वासापेक्षा जास्त शिसारी होती.

"सवय होते म्हणे! गटारात राहिलं तर गटाराचीही होईल. म्हणून तिथेच बिऱ्हाड करायचं का?"

आमच्या संशोधनाच्या प्रमुख मॅडम तेव्हा नेमक्या दुर्गंधीवर काम करत होत्या. हवेत काय मिसळलंय ते यंत्र सांगतं. पण माणसाला ते किती घाण वाटतं, ते यंत्राला कळत नाही. त्यासाठी माणसांचीच नाकं लागतात. सहा जणांना सहा कप्प्यांत बसवायचं. प्रत्येकापुढे तीन नळ्या. दोन नळ्यांतून स्वच्छ हवा, तिसरीतून कारखान्याच्या धुराड्यावरून पिशवीत भरून आणलेली. आधी हजारो पट पातळ केलेली, मग पायरीपायरीने कमी पातळ. वास आला की बटण दाबायचं. सहा जणांची बटणं कधी दाबली गेली, त्यावरून आकडा निघतो. मी मॅडमना बाटल्यांची गोष्ट सांगितली आणि मावशी सहाव्या कप्प्यात जाऊन बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी साबणसुद्धा बिनवासाचा आणला.

कारखान्याविरुद्ध तक्रारींचा ढीग झाला होता. मग कारखान्याने एक शक्कल लढवली. कुंपणावर बारीक बारीक फवारे बसवले आणि त्यातून लिंबाच्या वासाचं काहीतरी दिवसभर उडवायला सुरुवात केली. त्यांच्या अधिकाऱ्याने मॅडमना लिहिलं, की आमच्याकडची दुर्गंधी संपली आहे, हवं तर तपासा.

आम्ही पिशव्या भरून आणल्या. पहिल्या पाच जणांनी फॉर्मवरच्या चौकटीत लिहिलं: लिंबू, सौम्य, त्रास नाही. मावशी कप्प्यातून बाहेर आल्या त्या ओठ घट्ट मिटून. थेट मोरीवर जाऊन थुंकल्या.

"काय लिहू मावशी?"

"लिही की लिंबाच्या वासाखाली मेलंय काहीतरी. नुसता कुजका वास परवडला. हे म्हणजे मढ्याला पावडर लावून आणून बसवलंय समोर."

"चौकटीत तेवढी जागा नाही."

"मग जागा कर."

कारखान्याचा अधिकारी बैठकीला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, आणि वागण्यात इतका गोडवा की मावशी मला हळूच म्हणाल्या, हा माणूस तोंडाने फवारा मारतो. त्याने सगळे आकडे पाहिले आणि फक्त सहाव्या, मावशींच्या कप्प्यावर बोट ठेवलं. नियम असा होता: वास घेणाऱ्या प्रत्येकाला आधी एका ठरावीक वायूवर पारखायचं. ज्याला तो फार उशिरा कळतो तो बाद. ज्याला फार लवकर कळतो तोही बाद. मधलीच नाकं चालतात. मावशींना घाईत घेतलं होतं, पारख राहून गेली होती. त्याच दुपारी ती केली. इतरांना जो वास आठव्या पायरीला कळत होता, तो मावशींना दुसऱ्या पायरीला कळला. परत केली. पुन्हा दुसरी.

मॅडमनी त्यांना आपल्या खोलीत बोलावलं. मीही होतो.

"मावशी, तुमचं नाक चुकत नाही. पण ते इतरांसारखं नाही. उद्या कुणी म्हणेल, हिला तर गुलाबाचाही त्रास होईल. मग बाकी पाच जणांचे खरे आकडेही पाण्यात जातील."

"म्हणजे ज्याला वास येतो त्यालाच बाहेर काढायचं?"

"नियम आहे. आणि तो बरोबर आहे."

"तुमचा नियम बरोबर असेल," मावशी म्हणाल्या, "मला मात्र मळमळतंय." आणि बाटल्या धुवायला निघून गेल्या.

मॅडमना ते लागलं असावं. चार दिवसांनी त्या स्वतः मोरीपाशी आल्या. "कप्प्यात बसून आकडा काढायला मधलं नाक लागतं. पण वास कुठून येतो ते शोधायला कसलंही चालतं. जाल का याच्याबरोबर?"

असे मी आणि मावशी रस्त्याला लागलो. पहिल्या दिवशी मी सरळ धुराड्याकडे निघालो, तर मावशी जागच्या हलेनात. "तिकडे नाही. धुराड्याचा वास करपट असतो, तो वरून जातो. घरात येतो तो आंबूस आहे, ओला. तो खालून येतो." मग त्या मान खाली घालून चालायला लागल्या. कारखान्यापासून लांब. एका दवाखान्याच्या मागून, कपडे शिवायच्या शेडच्या बाजूने, मुलांच्या खेळायच्या मैदानाच्या कडेने. प्रत्येक ठिकाणी पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या गटाराच्या लोखंडी जाळीपाशी थांबायच्या, हुंगायच्या, मग नाकाला फडकं लावून पुढे व्हायच्या. पाऊस पडून तीन महिने झाले होते. जाळीखाली मात्र ओल होती.

दोन वाजून गेले असतील. मैदानाशेजारच्या जाळीतून वाफ यायला लागली. आधी हलकी, मग भपकारेच्या भपकारे. मी जाळी उचकटली. खाली करड्या रंगाचं गरम पाणी खळाळत होतं. वर चरबीचा पिवळट थर, त्यात केसांचे पुंजके आणि कातड्याच्या फुगलेल्या लिबलिबीत चिंध्या. गटाराच्या भिंतींवर तीच चरबी थरावर थर गोठून मेणासारखी झाली होती, आणि त्या थरांत काहीतरी वळवळत होतं. मी नमुना घ्यायला वाकलो आणि सकाळचं खाल्लेलं सगळं तिथेच बाहेर आलं. मावशींनी माझ्या हातातून बाटली घेतली, श्वास रोखून भरली आणि बूच लावलं.

"हे," त्या म्हणाल्या, "हे आमच्या मोरीतून वर येतं. मी रोज मोरी घासते आणि रोज येतं. आणि आमची जाऊबाई म्हणते, वहिनींच्या मनात घाण आहे."

आता पाणी सुटतं कुठून ते बघायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दोनच्या आधी आम्ही कारखान्याच्या मागच्या कुंपणाला जाऊन उभे राहिलो. भोंगा झाला. एक माणूस आतून आला, जमिनीतल्या लोखंडी चाकावर वाकला आणि दोन्ही हातांनी ते फिरवू लागला. मावशींचा दीर. आम्हाला पाहून त्याचे हात थांबले.

"वहिनी? तुम्ही इथे काय करताय?"

"तुम्ही काय करताय भावजी?"

"माझं काम. वरून सांगतात, मी चाक फिरवतो."

"कुठे जातं हे पाणी, ठाऊक आहे?"

"गटारात जातं. कुठे जाणार?" मग पुढे म्हणाला, "मला तर वासही येत नाही हो आता. सवय झाली."

मावशी एकदम मागे वळल्या. मला म्हणाल्या, "काय दिसलं ते लिही. जे दिसलं ते सगळं." मी लिहिलं. चाक दिराने फिरवलं, तेही लिहिलं.

मॅडमना एका दिवसाच्या नमुन्यावर भरवसा नव्हता. जाळीखाली त्यांनी पाण्याचं तापमान आपोआप नोंदवणारं एक छोटं यंत्र बसवायला लावलं. ते तीन आठवडे तिथे राहिलं. कामाचा दिवस असला की दोन ते अडीच पाणी चटका बसेल इतकं गरम. सुट्टीच्या दिवशी थंडगार. चरबी, सडकं मांस, जे तपासायचं ते सगळं तपासून अहवाल प्रदूषण खात्याकडे गेला.

कारखान्याचं उत्तर आठ दिवसांत आलं. एका कामगाराने वरिष्ठांना अंधारात ठेवून, आळसापोटी हे पाणी गटारात सोडलं. त्याला कामावरून काढून टाकण्यात आलं आहे. कारखान्याला खेद आहे.

दीर घरी बसला. जावेने चूल वेगळी केली. एकाच खोलीत दोन शेगड्या, मधे पडदा. "घरच्या माणसाला खाल्लंत," एवढंच ती म्हणाली, आणि मग बोलायचीच बंद झाली. मावशी कामावर यायच्या, बाटल्या घासायच्या. एकदा मी विचारलं, जेवलात का. म्हणाल्या, "घास उतरत नाही. त्या पाण्याची किळस येत होती तोवर ठीक होतं रे. आता माणसांची येते. त्या गोडबोल्या अधिकाऱ्याची येते, माझ्या दिराची येते, तो 'सवय झाली' म्हणाला म्हणून. आणि माझीही येते."

कारखान्याच्या उत्तरावर खात्याने ठेवलेल्या सुनावणीला मावशी न बोलावता आल्या. लांबलचक टेबल, पाण्याचे पेले, भिंतीवर पंखा. तोच अधिकारी तेच शांतपणे सांगत होता: एक बेजबाबदार माणूस. मी तापमानाचा तक्ता दाखवत होतो. मावशी माझ्या खांद्यावरून वाकून तक्ता बघत होत्या. एकदम त्यांनी बोट ठेवलं.

"ही तारीख कुठली?"

मी सांगितली.

"आणि ही दुसऱ्या दिवसाची?"

"हो."

त्या ताठ उभ्या राहिल्या. "साहेब, मी बाटल्या धुणारी. ज्याला काढलंत त्याची मी वहिनी. या दोन दिवशी तो घरी तापाने फणफणला होता. त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या मी ठेवत होते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कामावर आला नाही म्हणून तुमच्या हजेरीतही असेल. पाणी मात्र दोन्ही दिवशी दोनच्या ठोक्याला आलंय. मग चाक कुणी फिरवलं?"

सुनावणी घेणाऱ्या बाईंनी हजेरीपुस्तक मागवलं. अधिकारी म्हणाला, ते आता जवळ नाही. "मग आणा," बाई म्हणाल्या, "आम्ही बसतो." ते आलं, तेव्हा त्या दोन तारखांना दिराच्या नावापुढे गैरहजर लिहिलेलं होतं. त्या दोन दिवशी चाकावर जो होता तोही सांगायला लागला, की हुकूम वरूनच यायचा, आणि मग तिसरा कामगारही.

गटारात सोडणारा तो पाइप सिमेंट ओतून बंद झाला. कारखान्याला सांडपाणी शुद्ध करायची टाकी बांधावी लागली. ती होईपर्यंत उकळणं बंद. अधिकाऱ्याला दुसऱ्या कारखान्यात हलवलं. बढतीवर, असं नंतर कळलं. ते ऐकून मावशींचा चेहरा कडू झाला.

दिराला परत घ्यायची तयारी कारखान्याने दाखवली. तो गेला नाही. एका दुकानाचा टेम्पो चालवायला लागला. सात-आठ महिने गेले. एकदा सामान हलवायला त्याने मावशींना बरोबर घेतलं आणि रस्ता नेमका कारखान्यावरून होता. टाक्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. वास पूर्वीच्या जेमतेम चौथाई होता. तरी फाटकापाशी आल्यावर दिराने टेम्पो करकचून थांबवला, दार उघडलं आणि रस्त्याच्या कडेला बसून भडाभडा ओकला. मावशींनी पाण्याची बाटली दिली.

"वहिनी," तो तोंड पुसत म्हणाला, "हा एवढा होता?"

"याच्या चौपट."

"आणि मी रोज हे अंगावर घेऊन तुमच्या शेजारी जेवायला बसायचो?"

मावशींनी हे मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, बाटली घासता घासता. "मला बरं वाटलं रे त्याला ओकताना बघून. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी माझ्यासारखं झालं. आणि मग त्या बरं वाटण्याचीच इतकी किळस आली, की मीही उतरले आणि त्याच्या शेजारी बसले."

"मग?"

"मग काय. तो म्हणाला, आता बायकोलाही इथून बाहेर काढायला पाहिजे. आम्ही खोली बघतोय. शहराच्या त्या टोकाला. जाऊ काल पहिल्यांदा बोलली माझ्याशी. म्हणाली, घर बघायला जाल तेव्हा आधी तुम्ही आत जा."