खव्याचा आकडा आणि भट्टीमागचे हंडे

भूम तालुक्यात फिरायला म्हणून कुणी जात नाही. मीही गेले नसते. एका सकाळी फोन वाजला आणि पलीकडून आवाज आला, "मॅडम, तुमी आमच्या खव्याबद्दल काय लिवलंय?"

आवाज मंगलताईंचा होता. त्यांची खव्याची भट्टी आहे. मी पुण्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. आयुष्यभर वजनं-मापं केली, ती सवय सुटेना, म्हणून एका छोट्या संस्थेत बिनपगारी काम करते. एखादी वस्तू तयार होताना किती इंधन जळतं, किती पाणी लागतं, किती धूर होतो, याची आम्ही यादी ठेवतो. ती सगळ्यांना खुली असते, कुणीही पाहावी, चूक दिसली तर सांगावी. लाकडावरच्या खव्याची नोंद मी घरात बसून, मंगलताईंना फोनवर चार प्रश्न विचारून भरली होती. त्यांचा खवा घेणाऱ्या पुण्यातल्या पेढेवाल्यानं ती वाचली. पेढ्याच्या डब्यावर हा धुराचा आकडा छापायचं त्याच्या मनात होतं, आणि कारखान्यातल्या खव्याचा आकडा आमच्या यादीत पुष्कळ कमी होता. त्यानं मंगलताईंना कळवलं, या महिन्यानंतर तुमचा खवा बंद.

"तेनं बंद केलं तर माझी एक कढई बंद," मंगलताई म्हणाल्या. "वस्तीवरल्या निम्म्या घरांचं दूध मला परत धाडावं लागंल."

फोन ठेवला आणि मी पिशवी भरायला घेतली. दोन साड्या, स्वेटर, वही आणि लटकवायचा वजनकाटा.

जाणाऱ्यांसाठी सांगते. पुण्याहून बार्शीची एसटी धरा आणि बार्शीहून भूमची. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवास फार स्वस्तात होतो. बार्शी स्टँडवर चहा प्या, भजी नका खाऊ, हे मी भोगून सांगते आहे. बार्शीपुढं रस्ता बरा आहे, मधे मधे हाडं मोजून घेतो. थंडीचे दिवस होते. दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्याएवढी उभी होती आणि कडेला तुरी. माझ्या पिशवीतून काट्याचा हुक बाहेर डोकावत होता. कंडक्टरनं तो पाहिला आणि अगदी आपुलकीनं विचारलं, "मावशी, भंगार घेता व्हय?" मी हो म्हणून टाकलं. खरं सांगत बसले असते तर भूम आलं असतं.

भूमहून वडाप मिळते. जीपमध्ये किती माणसं बसू शकतात याबद्दलच्या माझ्या सगळ्या कल्पना तिथं मोडीत निघाल्या.

मंगलताई पंचेचाळिशीच्या असतील, कपाळाला घाम आणि पदर कमरेला खोचलेला. मला वाटलं होतं, आधी चार शब्द ऐकावे लागतील. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाल्या, "दमून आलाय. आदी शेंगोळे खावा, मंग भांडू." हुलग्याचे गरम शेंगोळे आणि भाकरी. मी तीनदा वाढून घेतलं. अपराधी माणसाला इतकी भूक लागू नये, पण लागली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच भट्टीवर गेले. दुधाच्या किटल्या येत होत्या, मंगलताई दूध कढईत ओतून हलवत होत्या आणि मी वेड्या बाभळीचं एकेक लाकूड काट्याला लटकवून वहीत मांडत होते. तासाभरात माझी चूक माझ्यासमोर चालत आली. एक बाई रिकामी बादली घेऊन आल्या, भट्टीच्या मागं गेल्या आणि वाफाळतं पाणी घेऊन निघाल्या. मग दुसऱ्या. मी मागं जाऊन पाहिलं. जाळाच्या मागच्या तोंडावर चार मोठे हंडे मांडलेले होते. आसपासच्या चार घरांच्या अंघोळीचं पाणी या जाळावर तापत होतं, आणि मी सगळा जाळ एकट्या खव्याच्या नावावर लिहून मोकळी झाले होते.

"हे मला फोनवर का नाही सांगितलंत?"

"तुमी खव्याचं इचारलं मॅडम. पाण्याचं कुठं इचारलं?"

मला हसावं की रडावं कळेना. पण हायसंही वाटलं. मी त्यांना समजावलं, पाण्याच्या वाट्याचं लाकूड वेगळं काढू, खव्याचा आकडा खाली येईल, पेढेवाल्याला दाखवू.

मंगलताईंचा उलथनं फिरवणारा हात थांबला. खवा हलवणारी बाई हात थांबवत नाही, हे मला तोवर कळलं होतं. "मंग तो वाटा कुणाच्या नावावर घालणार?"

"पाणी वापरणाऱ्यांच्या."

"न्हाय मॅडम. समोर कमळाबाईची लेक बाळंत झालीया, बारा दिसाचं लेकरू हाय. तिच्या अंघोळीचा धूर तिच्या नावावर घालून म्या माझा खवा गोरा करू व्हय? पाणी आमी दिलंय. दिलं की झालं."

"पण ताई, नियम तसाच आहे."

"आसंल. ऱ्हाऊ द्या माझी कढई बंद."

त्यांनी पुन्हा हलवायला सुरुवात केली. मी वही मिटली. या बाईपुढं माझा नियम मला फार लहान वाटला, आणि त्यांचं नुकसान मात्र तसंच समोर उभं होतं.

कमळाबाई मागं बादली भरत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या वळून म्हणाल्या, "आन् ही भट्टी नसती तर? आमच्या घरोघर चुली पेटल्या असत्या की. तो धूर कुठं धरलाय तुमी?"

आमच्या संस्थेत शिकलेली माणसं याच प्रश्नावर महिनोन् महिने वाद घालतात. कमळाबाईंनी बादली खाली न ठेवता तो मांडला. भट्टीमुळं चार घरचा जाळ वाचतो, तो खव्याच्या जाळातून वजा करायचा. हेही नियमातच बसतं, आणि कुणाच्या माथी काही येत नाही. मंगलताईंना विचारलं, चालेल का? "वाचलेला चालंल," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या सकाळी घरी पाणी तापवायला किती लाकूड लागतं ते कळावं म्हणून चार घरांनी खास माझ्यासाठी आपापल्या चुली पेटवल्या. चार घरी चार हंडे, आणि मी काटा घेऊन या दारातून त्या दारात पळत होते. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. बाळंतिणीनं दारातून ओरडून विचारलं, "मावशी, माझं लेकरू बी जोखता का?" जोखलं. ओढणीची झोळी करून काट्याला अडकवलं, खाली कमळाबाईंचे दोन्ही हात धरलेले. वहीत त्या पानावर ते वजनही आहे.

निघताना मंगलताईंनी पेढ्यांचा पुडा दिला. परतीला मी धाराशिववरून तेरला गेले. तेरणेकाठचं हे गाव चुकवू नका. धाराशिवहून एसटी मिळते, विटांचं जुनं त्रिविक्रमाचं देऊळ आहे, सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. सुट्टीचा वार तेवढा आधी विचारून घ्या. मला देऊळ धड दिसलंच नाही. पायरीवर बसून मी आकडेमोड करत होते. खव्याचा आकडा पुष्कळ खाली आला होता, तरी कारखान्याच्या थोडा वरच राहत होता.

एका घरी माझ्या घाईमुळं दवात भिजलेली फाटी जाळली गेली होती, त्यामुळं तिथं लाकूड जवळजवळ दुप्पट लागलं. ते वजन धरलं, तर वाचलेला जाळ वाढून मंगलताईंचा खवा कारखान्याच्याही खाली जात होता. मी दोन्ही प्रकारे गणित करून पाहिलं, मग तिसऱ्यांदा पाहिलं. कुणाला कळणार होतं? शेवटी ओल्या फाट्याच्या आकड्यावर काट मारली आणि पायरीवरच डोळे पुसले. शेजारी बसलेल्या एका काकूंनी विचारलं, "नवस हाय का?" मी मान डोलावली.

पुण्यात आल्यावर नोंद दुरुस्त केली. आधीची चूक माझी, हे खाली लिहिलं. आमच्यातल्या दोघांनी तपासली आणि ती यादीत गेली. पेढेवाल्याचा फोन आला. त्यानं सगळं नीट वाचलं होतं. म्हणाला, निम्मा खवा ताईंचा ठेवतो, निम्मा कारखान्याचा, आणि दोन्ही डब्यांवर खरे आकडे छापतो.

निम्मा. मंगलताईंना सांगायला मी दोन दिवस लावले. फोनवर ओल्या फाट्याचंही सांगून टाकलं. म्हटलं, ताई, ते धरलं असतं तर कदाचित पुरा राहिला असता, मला माफ करा.

पलीकडे कढईत उलथनं फिरतच होतं.

"वल्लं लाकूड वल्लंच की," त्या म्हणाल्या. "रडताय कशाला? परवापास्नं म्या भट्टीचं लाकूड जोखून घालतीया. भूमवरनं काटा आणलाय. बुडाला माती लिंपून वारा अडवला, तर आज दोन किलो कमी लागलं. लिवून घ्या."

"एका दिवसाचं धरत नाहीत ताई. महिनाभर रोज मोजावं लागेल."

"मोजती की. आन् तुमच्या त्या संस्थेत बिनपगारी हाईत, त्यात माझं नाव घाला."