मी काय पाहिलं ते

टेम्पोत सामान चढवायला गल्लीतले सगळे आले होते. एरवी गॅसचं सिलिंडर आत ठेवायलाही माणूस मिळत नाही अशी आमची गल्ली. त्या सकाळी मात्र कुणाला बोलवावं लागलं नाही. माझी बायको नसीम पायरीवर उभी होती. ती हळूच म्हणाली, यांना आपल्यापेक्षा जास्त घाई झालीय. अब्बा आमच्याबरोबर येणार नव्हते. ते दारात खुर्ची टाकून बसले होते आणि टेम्पो वळला तरी उठले नाहीत.

नांदेडात राहिलेल्यांनो, तुम्ही गावाच्या ग्रुपवर संध्याकाळच्या गोदावरीचे फोटो टाकता आणि खाली विचारता, गाव सोडून काय मिळवलंत? माझी बहीण लातूरला दिली होती. तिच्या नवऱ्याची तेलमिल बंद पडली. तिथं आता क्लासेसच्या पाट्या तेवढ्या वाढताहेत. ती दोघं पुण्याला गेली. त्यांचं पोटासाठी झालं. माझं तसं नव्हतं. माझं चष्म्याचं दुकान चांगलं चाललं होतं. ते का बंद झालं हे तुम्हाला माहीत आहे, तरी एकदा लिहून ठेवतो.

माझ्या समोर नागनाथअप्पांचं कापडाचं दुकान. अप्पा शांत माणूस. दर सणाला आमच्या भागातल्या एका भाऊची पोरं वर्गणी मागायला यायची. सण सरला तरी यायला लागली, तेव्हा अप्पांनी त्यांना नाही म्हणून सांगितलं. चार दिवसांनी भर दुपारी दोघं मोटारसायकलवर आले. मी एका मास्तरांच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होतो. समोर एकानं कोयता काढला आणि अप्पांनी तोंड वाचवायला हात वर केला. मारणाऱ्याचा चेहरा उघडा होता. त्याला लपायची गरजच वाटली नव्हती.

मी पळत गेलो, अप्पांच्याच गठ्ठ्यातलं कापड ओढून हात बांधला आणि त्यांना ऑटोत घातलं. रस्त्यावर सगळी दुकानं उघडी होती, पण पायरी कुणी उतरलं नाही. पोलीस आले तेव्हा कळलं, की रस्त्यावरचे सगळे कॅमेरे नेमके त्याच दिवशी बंद होते.

मी जबाब दिला. मारणाऱ्याचं नाव सांगितलं. ठाण्यातले साहेब लिहिता लिहिता हसून म्हणाले, सलीमभाई, तुमचाच नंबर वाढलाय का ते एकदा तपासून घ्या. घरी येऊन अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, "बोल दिया ना? अब पलटना नको."

त्यानंतर रोज संध्याकाळी दुकानात एकजण येऊन बसायला लागला. डोळे तपासायचे नाहीत, काही घ्यायचं नाही, नुसतं बाकावर बसायचं. गिऱ्हाईक दारातूनच परत जायचं. बाजारातल्या जुन्या लोकांनी मला चहाला बोलावलं आणि समजावलं, की तुम्हाला लेकरूबाळ आहे, जरा दमानं घ्या. त्यांतला एकजण तर म्हणाला, की तुमच्यामुळं अख्ख्या रस्त्याचा धंदा बसलाय. माझ्यामुळं.

कोर्टात अप्पांची साक्ष आधी झाली. त्यांनी सांगितलं, की शोकेसची काच फुटून हात कापला, कुणी मारलं नाही. त्यानंतर मी उभा राहिलो आणि जे पाहिलं ते सांगितलं. वकिलानं विचारलं, ज्याला लागलं तो खोटं बोलतोय आणि तुम्ही खरं? मी हो म्हणालो. मागं बसलेलं कुणीतरी हसलं. अप्पा खाली बघत होते. कोयता मारणारा सुटला.

त्याच आठवड्यात बाकावरच्या पोरानं पहिल्यांदा तोंड उघडलं. माझ्या मुलीची शिकवणी किती वाजता सुटते, हे त्यानं अगदी आदबीनं विचारलं. त्यानंतर मी दुकान उघडलं नाही.

हैदराबादेत टोलीचौकीला एका मोठ्या चष्म्याच्या दुकानात मी नोकरीला लागलो. इथं भिंतीवरच्या तक्त्यावर तेलुगू अक्षरं आहेत. गिऱ्हाइकांना वाचायला लावता लावता ती मीच शिकलो. आता 'कुडी', 'एडमा' म्हणत उजवा-डावा डोळा तपासतो. मालकाचं ऐकून घेतो.

मागच्या वर्षी त्या दुकानात नागनाथअप्पा आले. बायकोच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन इथं झालं होतं आणि चष्मा करायचा होता. मला बघून ते दारातच थांबले. मी काकूंना खुर्ची दिली, नंबर काढला, फ्रेम दाखवल्या. काकू आरशात बघत होत्या तेव्हा अप्पा काउंटरपाशी आले. डाव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती.

"तुमचं खरं होतं, सलीमभाई," ते म्हणाले. "पर मला दुसऱ्या दिशी तिथंच दुकान उघडायचं होतं."

"मलाही तिथंच उघडायचं होतं, अप्पा."

मग त्यांनी आपणहून गावाचं सांगितलं. आमच्या रस्त्यावर आता निम्मी शटरं बंद असतात. भाऊ नगरसेवकपदाला उभा राहतोय. चौकातल्या त्याच्या बॅनरवर शुभेच्छुक म्हणून अप्पांचाही फोटो आहे. आता तरास न्हाई, ते म्हणाले. मी विचारलं, त्रास नाही म्हणजे?

"म्हंजे आता तारीख ठरल्याली हाय. दर म्हैन्याला देऊन टाकतो."

जाताना त्यांनी नातीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं. मी येणार नाही म्हणालो. काकूंना वाईट वाटलं, पण खोटं बोलावंसं मला वाटलं नाही. अप्पांची कीव येते, तरी त्यांना माफ केलेलं नाही. तुम्हालाही नाही. कोयता एकाच्याच हातात होता. आम्हाला गावातून काढायला मात्र तुम्ही सगळे लागलात, आणि तेही सभ्यपणे, चहा पाजून.

या उन्हाळ्यात अब्बाही घराला कुलूप घालून इकडं आले. आता नांदेडात माझं कुणी नाही. मुलीला गाव विचारलं की ती हैदराबाद सांगते. नसीम परवा तिची चूक सुधारायला निघाली होती, मी थांबवलं. हैदराबादची माणसं तुमच्याहून धीट आहेत असं मी म्हणत नाही. इथं माझ्या डोळ्यांसमोर अजून कुणावर कोयता उगारला गेलेला नाही. तोवर हे घर.